विद्यार्थ्यांचं गिटार आणि रॉक रिसायटल: क्रम, आवाज, तारा, तालीम

तारसप्तक (धागाकर्ता)

संगीतवर्गाच्या विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम बसवायचा आहे. गायन-तबल्याच्या कार्यक्रमाची घडी सगळ्यांना ठाऊक असते, पण गिटार आणि रॉक बँड आले की हिशेब बदलतो. म्हणून हा धागा.

साहित्य असं: 8 एकल अकूस्टिक/क्लासिकल, 6 गिटारींचं एक समूहवादन, ट्रॅकवर (तयार ध्वनिमुद्रित साथीवर) वाजवणारे 2 इलेक्ट्रिक एकल आणि 4 बँड, प्रत्येकी दोन गाणी. सभागृह शंभरेक खुर्च्यांचं. ध्वनियंत्रणा भाड्याची: एक मिक्सर, दोन मुख्य स्पीकर, दोन मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणूनचे स्पीकर). वय 8 ते 17.

सध्याचा क्रम वयानुसार, लहान आधी. वादनाची निव्वळ वेळ 66 मिनिटं भरते (एकल 3, समूह 4, बँड 8 मिनिटं धरून). क्रम, आवाज, तालमी, सगळ्यावर सूचना हव्यात. ढोबळ नको, नेमकं सांगा.

पडद्यामागचा

66 मिनिटं हा आकडा फसवा आहे. मधल्या अदलाबदली मोजा. एकल वादकाला उठबस, पायस्टूल, माइक मिळून 1 मिनिट, समूहाला 3, इलेक्ट्रिकला 2, बँडला 4. झाली की 31 मिनिटं! वर दहा मिनिटांचं मध्यंतर. पावणेदोन तास उलटतील आणि त्यातला तिसरा हिस्सा लोक कुणाला तरी केबल शोधताना बघणार.

वयानुसार क्रम लावू नका, मांडणीनुसार लावा. ड्रमसेट एकच, गिटार अ‍ॅम्प दोनच, बेस अ‍ॅम्प एकच, आणि ते शेवटपर्यंत जागचे हलणार नाहीत. घरचा अ‍ॅम्प कुणी आणायचा नाही, हे तालमी सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं की रुसवेफुगवे. मुलाने आणायचं ते गिटार, केबल आणि फार तर एक पेडल. अ‍ॅम्पच्या खुंट्या कुठे ठेवायच्या हे प्रत्येक बँडच्या रंगीत तालमीत रंगीत चिकटपट्टीवर लिहून घ्या, एका बँडला एक रंग.

अकूस्टिकवाल्यांसाठी मंचाच्या पुढच्या भागात बिनहातांच्या दोन खुर्च्या, दोन माइक. एक वाजवतोय तोवर पुढचा दुसऱ्या खुर्चीवर स्टूल लावून तयार. अदलाबदल अर्ध्या मिनिटावर येते. बँडची 4 मिनिटं सामाईक अ‍ॅम्पमुळे अडीचवर येतात, इलेक्ट्रिकची एकावर. एकूण 19. कार्यक्रम मध्यंतरासह 95 मिनिटांत बसतो आणि कुणाचंही गाणं कापावं लागत नाही.

वेगळ्या ट्यूनिंगची गाणी एकत्र ठेवा. अर्धा सूर उतरवलेली गाणी एका गटात, ड्रॉप-डी (फक्त सहावी, जाड तार एक सूर उतरवलेली) एका गटात. आणि ड्रमर डावखुरा असेल तर त्याचा बँड मध्यंतरानंतर पहिला घ्या. अख्खा सेट उलटा मांडायला मध्यंतर मिळतं, आणि परत सुलटा करायचं काम कमीत कमी वेळा पडतं.

नादखुळा

+१, फक्त एक भर. पुढे क्लासिकल वाजत असताना मागे ड्रमसेट उभा असेल तर स्नेअर या छोट्या ड्रमच्या खालच्या तारा आपोआप थरथरतात. गिटारचा सूर पोचला की 'झर्रर्र'. स्नेअरच्या बाजूचा खटका खाली पाडून ठेवा, तारा सुटतात, आवाज बंद. बँड चढला की ड्रमरने तो आधी वर करायचा. हे कागदावर लिहून स्नेअरवरच चिकटवा, कारण पहिल्या गाण्यात स्नेअर टिमकीसारखा वाजायला लागला की ड्रमर भांबावतो.

शिवाय पुढे एकल चालू असताना मागे बँडला तयार करायचा मोह होईल. करू नका. गिटार प्लग करताना होणारा 'फट्ट' त्या बिचाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या हळुवार जागीच नेमका येतो.

खर्जातला

आता आवाज. खरा प्रश्न हाच आहे आणि बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

छोट्या सभागृहात आवाजाची किमान पातळी मिक्सर नाही, ड्रम ठरवतात. अकूस्टिक ड्रमला आवाजाची खुंटी नसते. गिटार ड्रमच्या वर जाते, बेस गिटारच्या वर, मग गायकाला सगळ्यांच्या वर काढायला जावं तर माइक शिट्टी मारतो. म्हणून उलटं चाला: आधी ड्रम खाली आणा. जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीसारखे रॉड्स, स्नेअर आणि टॉमवर जेलचे तुकडे, बेस ड्रममध्ये उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट. खाली साधारण 6 बाय 6 फुटांचं जाजम हवंच, नाहीतर प्रत्येक ठोक्याला बेस ड्रम पुढे सरकतो आणि ड्रमर पायाने त्याचा पाठलाग करत बसतो. शंभर खुर्च्यांच्या जागेत ड्रमना माइक लागत नाहीत. फार तर बेस ड्रमला एक.

गिटार अ‍ॅम्प 15 वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असला तरी पुरून उरतो. "आमच्याकडे 50 चाच आहे, 100 चा नाही" अशी हळहळ ऐकू येते. वॉट दुप्पट झाले तर फरक पडतो जेमतेम 3 डेसिबलचा.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. स्पीकरमधला तीव्र सूर सरळ रेषेत जातो. अ‍ॅम्प पायाशी असला की वादकाच्या पोटऱ्या ऐकतात, कान ऐकत नाहीत. मग तो ट्रेबल आणि आवाज चढवतो आणि तो सगळा मारा पहिल्या दोन रांगांवर होतो. खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा, तोंड वादकाच्या कानाकडे. एवढ्याने कुणाला "कमी कर" म्हणावं लागत नाही.

दुसरं, खोलीत एकट्याने वाजवताना गोड वाटणारा सूर म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर), बेस-ट्रेबल वर आणि मिड (मधले सूर) तळाला. बँडमध्ये हाच सूर गायब होतो. खालचं बेसगिटार खातं, वरचं झांजा खातात, आणि गिटार जिथे ऐकू यायची तो मिडच कापलेला असतो. गेन (डिस्टॉर्शनची खुंटी) अर्ध्यावर आणा, मिड मध्याच्या वर न्या.

कानांचं: अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा 85 डेसिबलला 8 तास आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. ही मोठ्यांची मर्यादा, मुलांसाठी याहून सावध राहायला हवं. तालमीच्या बंद खोलीत 100 सहज ओलांडलं जातं. ड्रमर आणि त्याच्या शेजारच्याला कानबोळे द्याच, तालमीपासून, म्हणजे कार्यक्रमात ते परके वाटत नाहीत.

सुरेल_गोंधळ

खर्जातला यांच्याशी सहमत, पण पालकांची एकच तक्रार असते: गाणारी मुलगी ऐकूच येत नाही. मॉनिटर वाढवला की शिट्टी. यावर काय?

पडद्यामागचा

ताई, तीन गोष्टी तपासा.

एक, माइक कसा धरलाय. टीव्हीवर बघून मुलं जाळी मुठीत धरतात. माइकची दिशा ओळखायची क्षमता जाळीच्या मागच्या बाजूला असलेल्या छिद्रांवर चालते. ती मुठीने बुजली की माइक चहूकडचं ऐकायला लागतो, मॉनिटरसकट. मूठ दांड्यावर, जाळीला बोट नाही. लहान वादक-गायकांना माइक स्टँडवरच ठेवा.

दोन, अंतर. ओठापासून दोन बोटं. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने पडतो. मिक्सरवाला ते भरून काढायला जातो तेव्हा मागच्या झांजाही तितक्याच वर येतात.

तीन, मॉनिटर कुठे आहे. साध्या कार्डिऑइड (पुढचं ऐकणाऱ्या, पाठीमागचं जवळजवळ न ऐकणाऱ्या) माइकला मॉनिटर थेट त्याच्या पाठीमागे, म्हणजे गायिकेच्या बरोबर समोर. सुपरकार्डिऑइड असेल तर तो पाठीमागचं थोडं ऐकतो, म्हणून मॉनिटर जरा तिरका, एका बाजूला. कुठला माइक आहे हे भाड्याने देणाऱ्याला आधी विचारा.

मॉनिटरमध्ये फक्त गायन आणि लागला तर ट्रॅक. गिटार नाही. मिक्सरवर गायनाला लो-कट (खालचे सूर कापणं) 100 हर्ट्झच्या आसपास लावा, घुमणं जातं. सभागृह रिकामं असताना मॉनिटर हळूहळू वाढवत न्या, जो सूर आधी शिट्टी मारतो तो इक्वलायझरवर थोडा दाबा, परत वाढवा. दोन-तीन सूर दाबून झाले की थांबा. जास्त दाबलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

आणि सगळ्यात आधी: गाण्याची पट्टी तिच्या गळ्याची आहे का? मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट गिटारवाले धरतात, कारण रिफ (परत परत येणारी धून) मोकळ्या तारांवर असते. पट्टी वर न्यायची असेल तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा). एखादा सूर खाली हवा असेल तर सगळ्यांनी गिटार तेवढी उतरवावी, बोटं तीच राहतात.

सहावी_तार

तारांबद्दल कुणीच बोललं नाही अजून :)

नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी लावू नका. स्टीलच्या दोन-तीन दिवस आधी. लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकी ओढायची, सूर उतरतो, परत लावायचा, उतरायची थांबेपर्यंत. नायलॉनला आठवडाभर आधी लावा, ती फार दिवस ताणत राहते. इलेक्ट्रिकची जाडी बदलू नका. 9 ची (सर्वांत बारीक तार 0.009 इंच) सवय असलेल्या मुलाच्या गिटारीवर कुणी हौसेने 10 चढवल्या की बेंड (तार ओढून सूर चढवणं) अर्धवट राहतात. ट्रेमोलो (ब्रिज हलवणारा दांडा) असेल तर ब्रिज वर उचलला जातो आणि तारांची उंचीही बदलते.

तार बहुधा ब्रिजच्या सॅडलपाशी (जिथे ती टेकते तिथे) तुटते. तीच तार पुन्हापुन्हा तिथेच तुटत असेल तर सॅडलला कंगोरा आलाय. 600 च्या बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. तार खुंटीवर गुंडाळताना दोन-तीन वेढे पुरेत. जास्त वेढ्यांनी ती सरकत राहते.

सूर लावताना नेहमी खालून वर. वर गेला तर उतरवून परत वर आणा, नाहीतर नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांत) अडकलेला ढिलेपणा पहिल्याच बेंडला सुटतो. गिटार थंड खोलीतून दिव्यांखाली आणली की तारा प्रसरण पावून उतरतात. म्हणून मंचावर जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गिटारी विंगेत स्टँडवर ठेवा आणि अगदी शेवटी लावा.

क्लिपचा ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो. बाजूला कुणी बेस वाजवत असेल तर तो चक्रावतो. विजेच्या गिटारीला पेडल ट्यूनर बरा: आवाज बंद, प्रेक्षकांना टंग-टंग ऐकवायची गरज नाही. समूहवादनाच्या सहाही गिटारी एकाच माणसाने, एकाच ट्यूनरवर लावाव्यात. सहा मुलं, सहा मोबाइल अ‍ॅप, त्यातल्या एकावर 'ए' सुराची कंपनं 440 हर्ट्झऐवजी 442 किंवा 432, की संपला विषय.

लहान_हात

साइजबद्दल एक. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर पूर्ण आकाराची ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची अकूस्टिक गिटार) ठेवली की उजवा खांदा कानाला लागतो. पाऊण किंवा अर्धा आकार बघा. बेसला 34 इंचांऐवजी 30 इंचांची शॉर्ट स्केल.

ज्यांना उभं राहून वाजवायचंय त्यांनी शेवटचा महिना स्ट्रॅप लावून उभ्यानेच सराव करावा. बसल्यावर गिटार जिथे असते तिथेच उभ्यानेही यावी इतका स्ट्रॅप आखूड. लांब स्ट्रॅप दिसायला झकास, पण डावं मनगट मुडपतं आणि बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) बसत नाही.

ताल_धरा

ट्रॅकवर वाजवणारे दोघे आहेत ना, त्यांच्याबद्दल. मोबाइलचा स्टीरिओ आउटपुट एका साध्या बॅलन्स्ड वायरने मिक्सरच्या मोनो इनपुटमध्ये खुपसला की डावं वजा उजवं होतं. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं: गायन, बेस, किक. उरतो तो पोकळ झांजांचा आवाज आणि सगळे मिक्सरला दोष देतात. मोबाइलच्या जॅकमधून दोन वेगळे प्लग निघणारी वाय केबल घ्या, स्टीरिओ चॅनलला जोडा. फोन फ्लाइट मोडवर, स्क्रीन लॉक बंद, फाइल फोनमध्येच उतरवलेली. ट्रॅकच्या सुरुवातीला चार ठोके मोजणी हवीच.

ट्रॅक मॉनिटरमध्ये हवा. मुख्य स्पीकर वादकाच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज ऐकून तो वाजवणार. आवाजाला एक मीटर जायला 3 मिलिसेकंद लागतात. 15 मीटरवरची भिंत म्हणजे जाऊन-येऊन 90. तो मागे पडलेलाच वाटणार.

माझं मत विचाराल तर ट्रॅक नकोच. या दोघांना एखाद्या बँडचे बेस आणि ड्रम द्या.

सहावी_तार

असहमत. उसन्या बँडला दोन गाणी वाढतात, तालमी वाढतात. आणि ट्रॅक मुलाला सांभाळून घेत नाही हाच त्याचा फायदा आहे, ताल तिथे कळतो.

ताल_धरा

कळतो, पण मंचावर कळून काय उपयोग, तालमीत कळू दे की. ट्रॅकवर एक बार (मात्रांचं एक आवर्तन) चुकला तर परत पकडायला मार्ग नाही. माणसं असतील तर कोरसला वाट बघतात. असो, तालमींवरच येतो.

बँडने गाणी निवडताना वर्गात जे जमतं त्याच्या एक पायरी खालचं घ्यावं. सोलो मोठा असेल तर 8 किंवा 16 बारवर आणा. दोन गिटारी असतील तर दोघांनी एकच मोकळी कॉर्ड एकाच जागी वाजवू नये, चिखल होतो. एकाने पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचीच), दुसऱ्याने कॅपो लावून वरच्या जागी.

विद्यार्थी बँड गाण्याच्या मध्ये फारसे पडत नाहीत. पडतात ते सुरुवातीला आणि शेवटी. सुरुवात: ड्रमरने मनातल्या मनात कोरस म्हणायचा, मग त्या गतीत काठ्या वाजवायच्या. गती कागदावर आकड्यात लिहिलेली असावी आणि शेजारी लुकलुकणारा मेट्रोनोम, आवाज बंद. घाबरल्यावर गती वाढते, कमी होत नाही, म्हणून 120 चं गाणं 116 ला बसवलं तरी चालतं. दोन बार मोजा: "एक, दोन," मग "एक दोन तीन चार". एका बारमध्ये बेसवाल्याचं बोटसुद्धा तारेवर पोचलेलं नसतं.

शेवट: गाणं विरत जाऊन संपतं असं मूळ रेकॉर्डिंगमध्ये असेल, मंचावर विरता येत नाही. पहिल्या मात्रेवर ठोस थांबा बसवा. खूण कोण देणार तेही ठरवा. शेवटच्या कोरसआधी ड्रमरची काठी वर, संपताना गिटारचा दांडा खाली. त्यानंतर लगेच तळवा तारांवर, व्हॉल्यूम शून्य, मगच टाळ्या घ्यायच्या. नाहीतर टाळ्यांमध्ये फीडबॅकचा भोंगा.

चुकल्यावर काय, याचीही तालीम होते. नियम सोपा: बेस आणि ड्रम काही झालं तरी थांबत नाहीत. हरवलेल्याने वाजवणं बंद करायचं, ऐकायचं, पुढच्या कोरसच्या पहिल्या मात्रेला परत यायचं. गाणं चालू असताना शिक्षकाने एकेकाच्या खांद्याला हात लावायचा. ज्याला लावला तो थांबतो, कोरसला शिरतो. आठवडाभर हा खेळ खेळला की मुलं चुकल्यावर एकमेकांकडे रागाने बघायची थांबतात. प्रेक्षकांना चूक कळते ती त्या बघण्यावरूनच.

शेवटच्या दोन तालमी न थांबता, बूट-कपडे त्याच दिवशीचे. जाड तळव्याच्या बुटाने पेडल दाबताना शेजारचंही दाबलं जातं.

खर्जातला

ताल_धरांनी पेडलचं काढलं म्हणून. सोलोला आवाज वाढवण्यासाठी मुलं बूस्टर पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावतात. तिथे आवाज वाढत नाही, फक्त खरखर वाढते. बूस्टर डिस्टॉर्शनच्या नंतर हवा. अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर इफेक्ट्स लूपमध्ये (अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शननंतरच्या जोडणीत).

पेडलचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक 9 व्होल्ट डीसी, आत वजा, बाहेर अधिक. उलट ध्रुवाचा किंवा एसीचा अ‍ॅडॉप्टर लावला की पेडल जाऊ शकतं. आदल्या दिवशी प्रत्येकाचा अ‍ॅडॉप्टर वाचून बघा. केबल 6 मीटरपेक्षा लांब नको, लांबी वाढली की वरचे सूर खाल्ले जातात. अकूस्टिकमध्ये पिझो पिकअप (कंपन उचलणारा) असेल तर गिटारपाशीच अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवणारी डबी), पुढे मिक्सरपर्यंत एक्सएलआर केबल. नायलॉनला पिकअप नसेल तर कंडेन्सर माइक, मान जिथे पेटीला मिळते त्या दिशेला, वीत-दीड वीत अंतरावर. थेट छिद्रासमोर लावला तर ढबढब. कंडेन्सर माइकला मिक्सरमधून जाणारे 48 व्होल्ट चालू-बंद करताना चॅनल म्यूट.

पडद्यामागचा

विजेचा विषय निघालाच आहे तर हे मनावर घ्या. गुणगुण घालवायला कुणीतरी हमखास प्लगची अर्थिंगची पिन काढतो. कधीही नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि ओठ माइकच्या जाळीला. दोन्हींच्या व्होल्टमध्ये फरक असला की प्रवाह मुलाच्या अंगातून जातो. 1972 साली स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून मंचावरच गेला.

साउंड चेकआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. शून्याच्या आसपास हवं. काही व्होल्ट दिसले तरी त्या जागी कुणाला उभं करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघा, मंद होणारे दिवे वेगळ्या लाइनवर. निम्मी गुणगुण तिथेच जाते. उरलेली डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने. ते बटण सिग्नलच्या वायरचं आहे, विजेच्या अर्थिंगचं नाही, म्हणून चालतं.

तारसप्तक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. नवा क्रम: पुढच्या खुर्च्यांवर 8 एकल, मग समूह, इलेक्ट्रिक एकल 2 (एक ट्रॅकवर, एकाला बँडचे बेस-ड्रम, दोन्ही पक्ष खूश). मध्यंतर. मग बँड: डावखुरा ड्रमर पहिला, नंतर स्टँडर्ड ट्यूनिंगचे दोन, शेवटी अर्धा सूर उतरवलेला. त्या शेवटच्या बँडचं दुसरं गाणं ड्रॉप-डी आहे. मंचावर बदलावं का?

सहावी_तार

नको. एक तार पूर्ण एक सूर उतरवली की मानेवरचा ताण बदलतो, बाकीच्या पाचही किंचित चढतात. घाईत मूल फक्त सहावी लावतं आणि अख्खी गिटार बेसूर. दुसरी गिटार आधीच लावून स्टँडवर ठेवा. आणि बाकीचा बँड अर्धा सूर उतरवलेलाच राहणार असेल तर तुमचं ड्रॉप-डी म्हणजे प्रत्यक्षात ड्रॉप-सी शार्प. ट्यूनरवर सहावी 'डी' दाखवेल अशी लावू नका.

नादखुळा

त्या दुसऱ्या गिटारची केबल वेगळी नको. पहिलीचीच काढून लावा, पण ट्यूनर पेडल दाबून म्यूट केल्यावर. स्ट्रॅप मात्र तिचा तिला आधीच लावलेला हवा, आणि लांबी पहिलीएवढीच.